बरे झाल्याबद्दल भव्य सत्कार

“ताई, जरा तिकडनं धरा,” धनाजी सूर्यवंशी म्हणाला आणि गुंडाळलेल्या फ्लेक्सचं एक टोक त्याने माझ्या हातात दिलं.

फ्लेक्स ओसरीवर मावेना. धनाजी दाराशी उभा राहिला आणि मी मागे सरकत सरकत पार फाटकापर्यंत गेले. पूर्ण उलगडला तेव्हा दिसलं की डाव्या कोपऱ्यात माझे वडील आहेत, उजवीकडे धनाजी आहे, आणि धनाजी तिप्पट मोठा आहे. अप्पांना कुणीतरी काळा कोट चढवला होता. त्यांनी जन्मात कोट घातला नव्हता. आता तर साधा सदराही त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. फ्लेक्सवरचे अप्पा मात्र तुकतुकीत होते. मधोमध लिहिलं होतं, ‘मृत्युंजय माईणकर सर यांचा, बरे झाल्याबद्दल, भव्य नागरी सत्कार.’ आणि सगळ्यात वर, लाल अक्षरांत, इंग्रजीतून: ‘सर, यू पुल्ड थ्रू!’

“इंग्लिश वाक्य मी सोता टाकलंय,” धनाजी म्हणाला. “सरांनीच शिकवलेलं. पुल थ्रू. मरणाच्या दारातनं माघारी येणं. आठवीत हुतं का नववीत?”

“कितवीत का असेना, हळू बोला. ते झोपलेत.”

“झोपू द्या की. बरं झालेल्या माणसाला झोप चांगली लागती.”

तासगावात धनाजीला नगरसेवक म्हणून सगळे ओळखत. शाळेत असताना इंग्रजीत तो दोनदा नापास झाला होता आणि तिसऱ्यांदा पस्तीस मिळवून सुटला होता. या पस्तीस गुणांबद्दल अप्पांविषयी त्याच्या मनात जी भक्ती होती, ती नव्वद मिळवणाऱ्या एकाही विद्यार्थ्याच्या मनात मी पाहिली नाही. दीड महिन्यापूर्वी अप्पा बाजारात कोसळले तेव्हा नव्वदवाले पुण्यात, मुंबईत आणि अमेरिकेत होते. अप्पांना उचलून गाडीत घालून मिरजेला नेलं ते धनाजीने. मी पुण्याहून पोचेपर्यंत तो हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिला होता. अशा माणसाला फाटकाबाहेर घालवणं सोपं नसतं.

“धनाजीराव, डॉक्टरांनी गर्दी नको सांगितलीय.”

“सरांना स्टेजवर बसवतो. गर्दी खाली राहील.”

“दगदग नको म्हणालेत.”

“अवो, उचलून न्हेतो! पण मला एक सांगा ताई. रिपोर्ट चांगला आला, असं तुम्हीच म्हणालात का न्हाई?”

म्हणाले होते. तिथेच तर सगळं अडलं होतं.

खरं असं होतं की मिरजेच्या डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बसवून, दार लावून, सांगितलं होतं की हृदय थकलंय, औषधांनी रेटता येईल तेवढं रेटू, घरी न्या आणि जपा. “पाडवा बघतील असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. मी बाहेर आले तर व्हरांड्यात इंदूआत्या उभी. अप्पांची धाकटी बहीण. माझं तोंड बघूनच तिला काय ते कळलं आणि तिने पदराने डोळे पुसून जागच्या जागी निर्णय दिला. “दादाला यातलं अक्षर कळता कामा नये.”

आमच्या घरात खरं कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे आत्या ठरवायची. ज्याला दुखणं त्याला ते कळू द्यायचं नाही, बाकी सगळ्यांना कळलं तरी चालेल, हा आमच्याकडचा जुना रिवाज. माझे आजोबा असेच आपण बरे होतोय या आनंदात गेले. आई गेली तेव्हा तर तिला नवीन चष्मा करायला टाकला होता. ती गेल्यावर आठवड्याने चष्मा आला.

तर मी अप्पांना सांगितलं, रिपोर्ट चांगला आहे. आत्याने गावाला सांगितलं. मग गाव बरं झालेल्या माणसाला बघायला लोटलं. येताना प्रत्येकाने मोसंबी आणली. अप्पांना मोसंबी आवडत नसत. ती दिवसभर आत्या खायची आणि म्हणायची, “बघ, आलं की नाही तेज दादाच्या तोंडावर?”

आता सत्कार थांबवायचा तर ते बरे झालेले नाहीत हे सांगायला हवं होतं. ते सांगायचं नव्हतं. म्हणून बरे न झालेल्या माणसाला बरं झाल्याबद्दल तीन तास खुर्चीत बसवायचं. माझ्या थापेचं इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

“वैजू, कोण आलंय?” आतून आवाज आला आणि चौकटीला धरून अप्पा दारात उभे राहिले.

धनाजीने एका हाताने फ्लेक्स धरून दुसऱ्याने त्यांच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. फ्लेक्सला सुरकुती पडली. अप्पांनी चष्मा वर ढकलून सगळं वाचलं, खालची प्रायोजकांची नावंसुद्धा.

“हा कोटातला कोण?”

“तुम्हीच सर!”

“बरा दिसतोय,” अप्पा म्हणाले. “माझ्यापेक्षा पुष्कळच बरा. कधी आहे?”

“पुढच्या रविवारी. साडेपाच. मी म्हटलं ताई नको म्हणतील, पण—”

“येतो,” अप्पा म्हणाले.

मी फ्लेक्सचं टोक सोडून दिलं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने हार आणून ठेवला होता, तर शेवटचा तास संपवून हा माणूस मागच्या फाटकाने घरी आला होता. हार मुख्याध्यापकांनी शेवटी सरस्वतीच्या तसबिरीला घातला. गावात कुणाचाही सत्कार असला की अप्पा म्हणायचे, बिचाऱ्याचं काय चुकलं? आणि आज ते विचारत होते, कधी आहे.

धनाजी गेल्यावर मी म्हणाले, “तुम्हाला झेपणार नाही, अप्पा.”

“का? रिपोर्ट चांगला आहे ना?”

“चांगलाच आहे.”

“डॉक्टरांनी तुला एकटीला आत बोलावलं होतं. काय म्हणाले?”

“प्रगती समाधानकारक आहे म्हणाले.”

“हे शब्द त्यांचे?”

“हो.”

“डॉक्टर प्रगतिपुस्तक भरतात हे मला माहीत नव्हतं,” अप्पा म्हणाले आणि उशीला टेकून त्यांनी डोळे मिटले. हा प्रश्न त्यांनी त्या दीड महिन्यात मला फिरवून फिरवून विचारला होता. मी दर वेळी नवीन उत्तर शोधायची. पुण्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आयुष्यभर दुसऱ्यांनी रचलेल्या गोष्टी वाचल्या. स्वतः रचायची वेळ आली तेव्हा कळलं की मला प्रगतिपुस्तकापलीकडे काही सुचत नाही.

मी आत्याला म्हटलं, निदान धनाजीला तरी खरं सांगू, तो गुपचूप रद्द करेल. आत्या म्हणाली, “धनाजीला सांगणं म्हणजे रिक्षावर भोंगा लावणं. आणि मी नवी साडी काढून ठेवलीय.” डॉक्टरांना फोन केला. ते रागावतील म्हणून घाबरत घाबरत विचारलं, तर ते म्हणाले, “जायचंय म्हणतात? मग न्या की. आता जपून कशासाठी ठेवायचं?” आणि त्यांनी फोन ठेवला. हे वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. अप्पा गेल्यावर लोक मला भेटायला आले, त्यांनी माझ्यासाठीही मोसंबीच आणली. मग विचारायला लागले, सावरलीस का? अजूनही एखादा विचारतो. मी म्हणते, हो, बरं आहे. हे उत्तर दिलं की माणसं लगेच चहा पितात आणि निघतात, इतकं ते सोयीचं आहे.

त्या रविवारी मंगल कार्यालयात पाऊल ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर सिंहासनासारखी लाल मखमली खुर्ची होती. आदल्या दिवशी तिच्यात एक नवरी बसली होती. खुर्चीच्या हातांवर अक्षता अजून चिकटलेल्या होत्या. अप्पांना चौघांनी धरून त्या खुर्चीत ठेवलं. मी पहिल्या रांगेत, मांडीवर गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन. शेजारी आत्या, नव्या साडीत.

मग शाली सुरू झाल्या. माजी विद्यार्थ्यांची शाल, पतसंस्थेची शाल, ज्येष्ठ नागरिक संघाची, व्यापारी मंडळाची, दोन गणेश मंडळांच्या दोन, कारण त्यांचं आपसात पटत नव्हतं. प्रत्येक शाल आधीच्या शालीवर. प्रत्येक शालीबरोबर नारळ, नारळाबरोबर फोटो, आणि फोटोत येण्यासाठी मागच्याला पुढे ढकलणारा एक जण. थोड्या वेळाने अप्पांचा फक्त चेहरा बाहेर राहिला. भाषणं झाली. एकाने सांगितलं की सरांनी यमाला इंग्रजीत परत पाठवलं. दुसऱ्याने सांगितलं की मला आतून वाटतच होतं, सर काही जात नाहीत. त्याचा सूर असा होता की त्यातला निम्मा मान त्याला मिळावा. ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष म्हणाले, सर अजून पंचवीस वर्षं काढतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी नमस्कार केला, पण हात शालींच्या आत असल्यामुळे तो कुणाला दिसला नाही.

शेवटी धनाजी उठला. तो कागदाशिवाय बोलला.

“मी सरांचा ढ विद्यार्थी,” तो म्हणाला. “सर वर्गात वाक्य करायला सांगायचं. अट एकच, वाक्य खरं पाहिजे. आमी म्हणायचो, राम गोज टू मार्केट. सर विचारायचं, कुठला राम? कुणाचा पोरगा? बाजाराला गेलाय कशावरनं? मी एकदा म्हटलं, माय फादर इज अ गुड मॅन. सर म्हणालं, धनाजी, तुझा बाप काल गटारीत पडला होता, मीच उचलून घरी पोचवला. खरं वाक्य सांग. मी रडलो. पण सांगितलं. आख्ख्या वर्गात पहिल्यांदा बरोबर वाक्य माझं आलं.” त्याचा आवाज बसला. “आज सर वाचलं. बास. मला बाकी काय बोलायचं न्हाई.”

मला त्या वेळी पहिल्यांदा, फ्लेक्सवरच्या त्या तिप्पट मोठ्या माणसाबद्दल बरं वाटलं.

सत्काराला उत्तर देण्यासाठी अप्पांपुढे माईक आणला. त्यांनी दोन शाली खाली सरकवल्या. “बसूनच बोलतो,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, तरी मागच्या रांगा गप्प झाल्या. “भाषणाची सवय नाही मला. तासाची आहे. एक छोटा तास घेतो. बाहेर मसालेभात आहे हे मलाही माहीत आहे.”

लोक हसले.

“पुल थ्रू. मोठं दुखणं येतं. माणूस आता जाणार असं सगळ्यांना वाटतं. आणि तो जात नाही. तेव्हा हे वापरायचं. सर्दी झाली आणि गेली, तिथे वापरायचं नाही. पस्तीस गुण पडले तिथे चालेल, धनाजी.” पुन्हा हशा. “दुखणं असलं पाहिजे आणि त्यातून पार झालं पाहिजे. दोन्ही. नुसतं हॉस्पिटलमधून घरी आलं म्हणजे झालं नाही. लोक घाई करतात.” ते दम घ्यायला थांबले. मी बाटलीचं झाकण उघडलं. त्यांनी मला हातानेच नको म्हटलं. “धनाजी, वाक्य.”

धनाजी ताठ उभा राहिला. “माय सर पुल्ड थ्रू!”

“खरं आहे?”

“म्हंजे काय, सर! समोर तर बसलायसा.”

“बस. बघू.” अप्पांनी चष्मा पुसला, घातला, आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं. “माईणकर.”

मला आधी कळलंच नाही. मग पायांना कळलं, आणि मी उभी राहिले. शाळेत तीन वर्षं मी त्यांच्या वर्गात होते. वर्गात ते मला नावाने हाक मारत नसत आणि मी त्यांना अप्पा म्हणत नसे. घरी मी त्यांना सगळ्या मुली मारतात तेवढ्या थापा मारल्या असतील. त्या वर्गात, त्या आडनावाने हाक आल्यावर, मला एकही मारता आली नव्हती. मला वाटतं हे त्यांना माझ्याइतकंच आठवत होतं.

“पुल थ्रू,” अप्पा म्हणाले. “घरातलं वाक्य. खरं.”

“अगं बस, चेष्टा करतोय तो,” आत्याने माझा हात ओढला. कुणीतरी माईक माझ्या तोंडापुढे आणला.

धनाजीचंच वाक्य मला पुन्हा म्हणता आलं असतं. सर्वांना आवडलं असतं. इतक्या शाली वाया गेल्या नसत्या. अप्पा चष्म्यावरून बघत होते. वर्गात ते कधी कुणाला शब्द पुरवत नसत, उत्तर येईपर्यंत तसेच बघत राहायचे. तसेच बघत होते. त्यांच्या नजरेत विचारणं नव्हतं. नुसतं थांबणं होतं, आणि ते दीड महिना थांबले होते.

“माय फादर,” मी म्हणाले, “विल नॉट पुल थ्रू.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

खरंच झाला. अप्पांनी या गावाला जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्याचा असा निकाल लागला. लग्नातल्या मंगलाष्टकांना डोलावं तसे लोक डोलत होते. निवेदक माईकवर धावून आला आणि म्हणाला, “वा! सरांचा वारसा त्यांच्या कन्येने किती अस्खलितपणे चालवलाय पाहा!” व्यापारी मंडळाकडे एक शाल उरली होती, ती माझ्या खांद्यावर आली. हातात नारळ आला. आत्याही टाळ्या वाजवत होती. “छान बोललीस गं,” ती म्हणाली, “मला नाही बाई असं जमलं असतं.”

एक धनाजी तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. त्याचे हात वर आले होते आणि तिथेच थांबले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, ओठ हलवून ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा लावून बघितलं. मग हात हळूहळू खाली आले.

“करेक्ट,” अप्पा म्हणाले. “बस.”

परत येताना गाडीत आत्याच तेवढी बोलत होती. घरी धनाजीने अप्पांना आणून पलंगावर बसवलं, मग एकेक करून सगळे नारळ आत आणले, रांगेत लावले, आणि लावून झाल्यावरही तिथेच उकिडवा बसून राहिला.

“सर...” तो म्हणाला.

“जा घरी,” अप्पा म्हणाले. “पास आहेस.”

तो गेला. आत्या साडी बदलायला तिच्या घरी गेली. मी शालीची घडी घालत उभी राहिले, एक घातली, दुसरी घातली, तिसरी घातल्यावर अप्पा म्हणाले, “किती?”

“पाडवा बघतील असं म्हणणार नाही, म्हणाले.”

“हं.” त्यांनी मान हलवली. एखाद्या मुलाला पडलेले गुण त्यांच्या अंदाजाइतकेच निघाले की ते असे मान हलवायचे.

“तुम्हाला कधी कळलं?”

“इंदू माझ्याशी गोड बोलायला लागली तेव्हा. साठ वर्षांत कधी बोलली नव्हती.”

मला हसू आलं, आणि हसू अर्ध्यावर असताना रडू आलं, म्हणून मी पाठ फिरवून चौथ्या शालीची घडी घातली. ती नीट बसेना.

“माहीत होतं तर मला विचारत कशाला होतात?” मी म्हणाले. “सारखं सारखं. आणि शेवटी तिथे, सगळ्या गावासमोर?”

“घरात तू सांगत नव्हतीस.”

“पण तुम्हाला माहीत होतं!”

“मला होतं,” अप्पा म्हणाले. “पण ते तुला एकटीलाच माहीत आहे असं तुला वाटत होतं. कपडे वाळत घालताना तुझी पाठ दिसायची मला खिडकीतून. ते बघवेना.” बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

“जेवायला काय आहे?” त्यांनी विचारलं.

“पिठलं-भात. पण आधी गोळ्या घ्या.”

गोळ्या त्यांनी घेतल्या. मी ताट आणून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी एक घास खाल्ला आणि ताटाकडे पाहत राहिले.

“यात मीठ नाही.”

“डॉक्टरांनी बंद—”

“ते बरं होण्यासाठी.”

मी वाढायचा चमचा खाली ठेवला.

“कुठे लपवलंयस?”

“रव्याच्या डब्यामागे.”

“आण.”

मी बरणी आणली. त्यांनी स्वतःच झाकण उघडलं, चिमूट घेतली, पिठल्यावर भुरभुरली, बोटाने कालवून एक घास घेतला, आणि डोळे मिटून तो चावत राहिले. गिळून झाल्यावर त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली.

“तूही घे,” ते म्हणाले. “दीड महिना तूही अळणीच खातेयस.”

मी माझं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर जेवायला बसले.